घर ते शाळा : मधल्या वाटेचा इतिहास

माझी थोरली बहीण सातवीत वर्गात पहिली आली आणि तिची शाळा तिथेच संपली. हे 1979 साल. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत होती. हायस्कूल पाच किलोमीटरवर, मध्ये एक ओढा आणि दोन माळ. घरात सायकल एकच, ती वडिलांना बाजाराला लागे. चार वर्षांनी मी सातवी पास झालो तेव्हा वडिलांनी कुणाची तरी जुनी सायकल घेतली, टायर-ट्यूब बदलली आणि मला दिली.

पुढे कित्येक वर्षे मी चारचौघांत सांगत असे, की त्या काळी खेड्यातल्या लोकांना मुलींच्या शिक्षणाचे महत्त्वच कळत नव्हते. मुलींच्या शाळांविषयीचे जुने अहवाल, आठवणी, चरित्रे हौसेने जमवू लागलो आणि हेच वाक्य मला खुपायला लागले. कारण वडिलांनी आक्काला सात वर्षे शाळेत पाठवले होते. तिच्या निकालाचे पेढे वाटले होते. मग त्यांची ‘मानसिकता’ निकाल लागल्यावर मे महिन्यात एकाएकी बदलली, असे समजायचे का?

मुलींच्या शिक्षणाचा इतिहास आपण शाळेपासून लिहायला घेतो. कोणी, कोणत्या वाड्यात, किती मुली घेऊन शाळा काढली, यापासून. या लेखात मी उंबरठा आणि वर्ग यांच्या मधला तुकडा पाहणार आहे. शाळा निघाली म्हणून मुली आल्या असे फारसे कुठे झालेले नाही. ही मधली वाट कोणी तरी आपल्या अंगावर घेतली, तिथे मात्र त्या आलेल्या दिसतात.

सुरुवात अर्थातच बुधवार पेठेतून. 1848 मध्ये जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांना पाठ आहे. त्याआधी त्यांनी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंची गोष्टही सर्वांना ठाऊक आहे. शाळेला जाताना अंगावर चिखल, शेण पडायचे, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे ठेवीत. आपण ही गोष्ट त्यांच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण हे घडते कुठे, तेही पाहावे. वर्गात नाही. पुण्याच्या सनातन्यांचा विरोध ज्या जागी प्रत्यक्ष उभा राहिला, ती जागा म्हणजे रस्ता. शिकवणारीची ही गत असेल, तर आठ-नऊ वर्षांच्या मुलीला त्याच गल्लीतून धाडणाऱ्या आईबापांच्या मनात काय येत असेल?

फुले पती-पत्नींनी यावर काढलेला उपाय मला त्यांच्या शाळांच्या तारखांत दिसतो. 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा. 17 सप्टेंबर 1851 रोजी रास्ता पेठेत दुसरी. 15 मार्च 1852 रोजी वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, तिसरी. साडेआठ महिन्यांत तीन पेठांत तीन शाळा. पैशांची चणचण असताना एकच मोठी शाळा चालवणे सोपे गेले असते. एक जागा, एक शिपाई, एक भाडे. तरीही त्यांनी तीन लहान शाळा काढल्या. याचे कारण त्यांनी कुठे लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही, पण माझा अंदाज सरळ आहे : मुलगी पेठ ओलांडून येत नसेल, तर शाळेने पेठ ओलांडायची. त्याच प्रयत्नांतून शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. पहिल्या शाळेनंतर सात वर्षांत एवढे घडले.

पुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच निवेदनात त्यांनी शेतकरी आणि गरीब घरांतली मुले शाळेत का येत नाहीत, याचे कारण सांगितले आहे. गुरे राखायला आणि शेतावर ती लागतात. तेव्हा त्यांना शिष्यवृत्त्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे असे काही आमिष हवे. म्हणजे मूल शाळेत बसले की घराचे काही नुकसान होते, ते कोणी तरी भरून दिले पाहिजे. विचार इतका रोकडा आहे, की आपल्या फुलेभक्तीत तो नेहमी मागे पडतो.

सक्ती पहिल्यांदा आणली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. 1893 मध्ये अमरेली भागात प्रयोग, मग 1906 मध्ये सबंध संस्थानात. एतद्देशीय राज्यकर्त्याने केलेले हे केवढे तरी मोठे काम. पण त्या कायद्यातली वये पाहा : मुलगे 7 ते 12, मुली 7 ते 10. एवढ्या पुढारलेल्या राजालाही मुलीची दोन वर्षे सोडून द्यावी लागली. दहा वर्षांच्या पुढे मुलीला रस्त्यावर काढायचे तर घरोघर भांडण, हे महाराजांच्या सल्लागारांना पक्के माहीत असणार.

वाट फक्त अंतराची नसते, वेळेचीही असते. याचा धडा पुण्याच्याच हुजूरपागेत मिळतो. पेशव्यांच्या खासगी घोड्यांची पागा जिथे होती, तिथे रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने मुलींचे हायस्कूल उभे राहिले. स्थापना 1884. तीनच वर्षांत त्याच्या अभ्यासक्रमावर वादळ उठले. मुलींना इंग्रजी कशाला, हा वाद प्रसिद्ध आहे. त्यातच दुसरा वाद होता शाळेच्या वेळेचा. अकरा ते पाच ही वेळ घरकामाच्या आड येते, तेव्हा सकाळी किंवा दुपारी तीनच तास शाळा ठेवावी, अशी मागणी टिळकांच्या बाजूने झाली.

हा वाद मी प्रथम वाचला तेव्हा चिडलो होतो. आता पुन्हा वाचताना वाटते, मागणी प्रतिगामी होती यात शंका नाही, पण तिच्या पोटात एक खरी गोष्ट होती. मुलगी सहा तास शाळेत गेली, तर तिच्या वाटचे काम कोणाच्या अंगावर पडणार? सुधारकांनी याचे उत्तर दिले नाही. त्यांच्या घरी पाणक्ये होते, स्वयंपाकी होते. प्रश्न त्यांना जाणवलाच नसावा. विरोधकांनी उत्तर दिले, ते मुलीचे तास कापण्याचे. तिसरे उत्तर यायला पुढे साठ-सत्तर वर्षे जावी लागली. त्याकडे येतोच.

मधल्या काळात सुधारकांनी वेगळी वाट धरली : वाटच नको. मुलगी शाळेतच राहील. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा. 1900 मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तिथल्या मुली बहुतेक बालविधवा. त्यांना शहरातल्या रस्त्याने जा-ये करू देणे कोणत्याच सासर-माहेरला मानवले नसते. रस्ता मुलींनी तुडवायचा नसेल, तर दुसऱ्या कोणी तरी तुडवायला हवा. तो कर्वे तुडवीत. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगणे गाठायचे. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल मावत नसे. तिथेच 1907 मध्ये त्यांनी महिला विद्यालय सुरू केले. आज तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या वाहतुकीच्या कोंडीत उभे राहून त्या चिखलाची कल्पना करणे अवघड आहे.

वसतिगृहाचा उपाय चांगला, पण महाग. शंभर मुलींना पुरेल, लाखांना नाही. लाखांची सोय लावायची तर वाटेला टाळून चालत नाही.

वाटेशी सर्वांत उघडी झुंज दिली ती रंगपूरजवळच्या पायराबंद गावच्या रोकेया सखावत हुसेन यांनी. मराठीत त्यांच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. पती वारल्यावर 1909 मध्ये त्यांनी भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा काढली. ती तिथे टिकली नाही, तेव्हा 1911 मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा सुरू केली. घरे पडदानशीन. मुलगी रस्त्यावर दिसता कामा नये, ही अट. म्हणून शाळेने गाडी ठेवली, आणि ती चहूबाजूंनी बंद. आत इतका अंधार आणि उकाडा, की लहान मुली घाबरून रडायच्या, काहींना घेरी यायची. या गाडीला चालता-फिरता अंधारकोठा म्हटले गेले. मग हवेसाठी फटी ठेवून पडदे लावले, तर लगेच तक्रारीची पत्रे : वाऱ्याने पडदे उडतात, मुली बेपडदा होतात, हे थांबले नाही तर वर्तमानपत्रांत लिहू. ही हकिकत रोकेया यांनीच 1931 च्या ‘अवरोधवासिनी’त नोंदवली आहे, तीही बोचऱ्या विनोदाने. गाडी बंद ठेवली तर मुली गुदमरतात आणि उघडली तर शाळा बुडते. यातून मार्ग काढत त्यांनी 1932 मध्ये मृत्यू येईपर्यंत शाळा चालवली. ती कोलकात्यात आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या जनगणनेत, 1951 मध्ये, देशातल्या स्त्रियांची साक्षरता होती 8.86 टक्के. सरकारी शाळांची संख्या भराभर वाढू लागली. पण हुजूरपागेच्या वादात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर सरकारकडून आले नाही. ते आले डहाणू तालुक्यातून.

ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या आणि 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तिथल्या मुली शाळेत येत नसत, कारण प्रत्येकीच्या कडेवर एक भावंड असे. आई मजुरीला जाई, धाकटे मूल थोरलीच्या हवाली. ताराबाईंनी थोरलीच्या आईला उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी नाव दिले. कडेवरचे मूल पाळण्यात, त्याच्याहून मोठे बालवाडीत आणि थोरली वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच धडे. फुल्यांनी हंटर आयोगाला सांगितलेली गुरांची अडचण इथे कुरणातच सोडवली गेली.

माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासात विकासवाडीइतकी साधी आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नसेल. ‘मुली का येत नाहीत’ या प्रश्नाला ‘कारण त्यांच्या हातात मूल आहे’ असे उत्तर ऐकून जो पाळणा बांधतो, त्याला प्रश्न समजला. आपल्याकडच्या बहुतेक अहवालांत मात्र या जागी ‘पालकांची उदासीनता’ एवढे दोन शब्द असतात.

आता पुन्हा रोकेया यांच्या मुलखात जाऊ. पायराबंद आज बांगलादेशात आहे. त्या देशात माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या 1991 मध्ये सुमारे 11 लाख होती, ती 2005 मध्ये सुमारे 39 लाखांवर गेली. आपल्याहून गरीब समजला जाणारा, पूर-वादळांनी पिचलेला देश, आणि मुलींच्या पुढे मुलगे मागे पडू लागले. याची सुरुवात 1982 मध्ये चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती उपजिल्ह्यात झालेल्या एका छोट्या प्रयोगातून झाली आणि 1994 मध्ये तो देशाच्या सर्व ग्रामीण भागात गेला. सहावीपासूनच्या मुलीला विद्यावेतन, तिची फी शाळेला परस्पर. अटी तीन : 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न नाही.

रक्कम किती? सहावीला महिन्याला 25 टाका. वाचल्यावर मला हसू आले होते. एवढ्याने काय होणार? पण पैसे जमा होत ते मुलीच्या स्वतःच्या नावावरच्या बँकखात्यात. ज्या घरात आईच्या नावावर भांडेही नसते, तिथे बारा वर्षांच्या मुलीचे पासबुक. आणि लग्नाची अट मला आता वेगळी दिसते. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला ‘मुलगी शिकायची म्हणते’ असे सांगायला बाप लाजतो. ‘सरकारचे पैसे बंद होतील’ असे सांगायला लाजत नाही. अर्थात सगळे श्रेय विद्यावेतनाला देता येत नाही. त्याच काळात तिथे कापड-शिलाईचे कारखाने वाढत होते, शिकलेल्या मुलीला काम मिळत होते, नवीन शाळाही निघत होत्या. आणि बालविवाह तिथे अजूनही भरपूर आहेत, हेही सांगितले पाहिजे. वाट मोकळी झाली तरी ती दहावीपर्यंतच.

आपल्या महाराष्ट्रानेही हाच विचार केला होता. 1985-86 पासून मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. 1992 मध्ये दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला : शाळेत हजर राहिल्याच्या दिवसाला 1 रुपया. कल्पना फुल्यांच्या निवेदनातून उचलावी इतकी नेमकी. फक्त पुढची कित्येक वर्षे तो रुपया एक रुपयाच राहिला. 1992 मध्ये त्यात वही-पेन्सिलीला थोडा हातभार लागे. पुढे त्यात पेन्सिलसुद्धा येईनाशी झाली, तरी शिक्षकांचे रकाने भरणे चालूच. योजना मारायची तर बंद करावी लागत नाही, रक्कम तशीच ठेवली की पुरते.

फीमाफीनेही आमच्या आक्काचा प्रश्न सुटला नसता, कारण तिचा प्रश्न फीचा नव्हता. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत, असे अंतर ठरवून दिले. अंतराला कायद्यात जागा मिळाली ही मोठीच गोष्ट. पण तो हक्क आठवीला संपतो, आणि नववीला तोच ओढा, तोच माळ.

नववीच्या या वाटेवर बिहारने 2006 मध्ये सायकल उभी केली. सरकारी शाळेत नववीला नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलीसाठी 2,000 रुपये. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. मला महत्त्वाचा वाटला तो पुढचा निष्कर्ष : ही वाढ मुख्यतः जिथे हायस्कूल 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होते, त्या गावांत झाली. जवळच्या गावांत सायकलीने फारसा फरक पडला नाही. बापांची मानसिकता काही किलोमीटरच्या दगडाप्रमाणे बदलत नसते. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून 125 मागास तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या निळ्या बसगाड्या आल्या, सायकली आल्या, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मोफत पास आधीपासून होताच. सकाळी तालुक्याच्या फाट्यावर त्या निळ्या गाडीतून उतरणाऱ्या मुली मी पाहतो. गाडी वेळेवर आली नाही त्या दिवशी त्या फाट्यावरून परत जातात, हेही पाहतो.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एक निष्कर्ष मनात पक्का केला होता : ती सायकल चार वर्षे आधी घेतली असती, तर आक्का दहावी झाली असती. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला ती आली होती. तिला बिहारच्या मुलींचे सांगितले आणि हा निष्कर्षही ऐकवला. थोडा अपराधीपणा होताच त्यात. तिने पानातली करंजी मोडली आणि म्हणाली,

“नाही रे. मला एकटीला सायकल दिली असती तरी मी गेले नसते. त्या माळावरून एकटी पोरगी सायकलवर, गाव बघतच बसलं असतं. आम्ही वर्गात चौघीजणी होतो. चौघींना दिल्या असत्या, तर गेलो असतो.”